न झेललेली हाक

नऊ वाजून बारा मिनिटांनी प्रोग्राम पडला आणि चाळीस सेकंदांत आपला आपण उठून कामाला लागला. बघायला गेलं तर झालं ते एवढंच. गुनिलाने कॉफीचा मग ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. स्क्रीनवर लाल अक्षरांची एक ओळ होती, ‘अनहँडल्ड एक्सेप्शन’, आणि तिच्याखाली पडण्याची जागा: माणसाची ओळख पटवताना. सव्वीस वर्षं ती ही अक्षरं वाचत आली होती. आत कुठेतरी न जमणारं काहीतरी घडतं, प्रोग्राम ते वर भिरकावतो, वरच्याने झेलायचं असतं, त्याने नाही झेललं तर त्याच्याही वरच्याने, आणि कुणीच झेललं नाही की सगळा डोलारा कोसळतो. यात नवीन काय होतं? पण आज तिची नजर त्या ओळीवरून हलेना. पडला तेव्हा त्याच्या हातात काहीतरी होतं. रिकाम्या हाताने हा प्रोग्राम ओळख पटवायला जात नाही. ओस्टरविक गावात एकट्याने राहणाऱ्या दोन हजारांवर म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर एकेक बटण बांधलेलं होतं. ते दाबलं की इथे हाक यायची, प्रोग्राम नाव-पत्ता शोधायचा, केंद्रातल्या पडद्यावर टाकायचा आणि घरातल्या बोलायच्या डब्यातून आवाज जोडून द्यायचा. म्हणजे नऊ बाराला कुणीतरी बटण दाबलं होतं. कुणी, ते कळायच्या आतच प्रोग्राम कोसळला, आणि उठला तेव्हा हातात काय होतं ते साफ विसरला होता. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. दोन जानेवारी, सगळे सहा तारखेचा सण आटोपूनच उगवणार. टेबलावर नाताळातले केशरी पाव वाळून कडक झालेले, आणि खाली रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी मागे-पुढे करत होती. ‘असेल काहीतरी’ असं ती स्वतःशी म्हणाली आणि म्हणतानाच तिला स्वतःचा राग आला.

नऊ एकोणीसला तो पुन्हा पडला. त्याच जागी. आता तिने फोन उचलला. हाकांच्या केंद्रात आज मेर्या होती, मूळची फिनलंडची, जिभेला हाड नसलेली, पण कामाला वाघ. ‘मेर्या, तुझ्याकडे गेल्या दहा मिनिटांत काही आलं?’ ‘आलं ना. एका आजोबांची मांजर कपाटावर चढलीय. आणि एक बाई विचारत होत्या, आज गुरुवार का शुक्रवार.’ ‘त्याखेरीज? नाव नसलेलं काही? अर्धवट?’ ‘अर्धवट इथे फक्त मी आहे. का गं, काय झालं?’ गुनिलाने सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम बदलला. ‘म्हणजे कुणीतरी दाबतंय आणि मला दिसत नाहीय?’ ‘हो.’ ‘अगं, मग शोध की! मी काय दोन हजार घरांना फोन करत बसू?’ ‘शोधतेय,’ गुनिला म्हणाली. ‘तू मदतीच्या गाडीला तयार राहायला सांग. पत्ता मी देते.’ कुठून देणार होते मी पत्ता, असं फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता आणि गेला ते बरंच झालं असं तिला वाटलं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

कुणाचं बटण, हे प्रोग्रामच्या नोंदवहीत सापडायला हवं होतं. पूर्वी सापडलं असतं. गेल्या वसंतात खाजगीपणाचे नियम सांगणारा एक गोरागोमटा माणूस आला होता. नोंदींमध्ये माणूस ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही म्हणाला, आणि गुनिलाने आनंदाने बटणांचे नंबर नोंदींतून काढून टाकले होते. तिला ते पटलंच होतं. कोण म्हातारा रात्री किती वेळा पडतो, हे तिऱ्हाईताला कशाला कळायला हवं? आता त्याच कोऱ्या जागेकडे ती बघत बसली. बर्फाने तार तुटली असेल का? हाक येतानाच मोडकी येत असेल का? तिने आलेल्या संदेशांची लांबी तपासली, दूरध्वनी कंपनीला फोन लावला. तिथे संगीत वाजलं आणि एका ध्वनिमुद्रित बाईने सात तारखेला यायला सांगितलं. या वाटेवर तिची चांगली सात-आठ मिनिटं वाया गेली. मोडका संदेश असता तर दाराशीच अडला असता, ओळख पटवण्याच्या खोलीपर्यंत पोचलाच नसता. हे तिला आधी कळायला नको होतं? कर्म माझं, सव्वीस वर्षं आणि अजून मी पाऊस पडला की छताकडे बघायचं सोडून नळ तपासते! तिने आपल्या यंत्रावर तोच प्रोग्राम चालवला, त्यातून खोटी माणसं सोडली. खरी माणसं तिला इथे ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून तिने कधीतरी दोनशे खोटी माणसं बनवली होती, नावांसकट, पत्त्यांसकट, एका आजोबांना तर तिने लाकडी पायसुद्धा दिला होता. दोनशेच्या दोनशे सुखरूप पार पडली. एकही अडलं नाही. आपण बनवलेली माणसं आपल्याला अडचणीत आणत नाहीत, हे काही तिला नवीन नव्हतं. तरी तिने ती पुन्हा एकदा सोडली.

नऊ एकतीस. पुन्हा पडला. आणि त्याबरोबर लेनार्टचा फोन आला. लेनार्ट म्हणजे कंपनीचा प्रमुख, तिच्याच वयाचा, सध्या डोंगरात नातवंडांना स्कीइंग शिकवत होता. त्याच्या फोनवर प्रत्येक पडझडीला घंटा वाजत असे. ‘गुनिला, काय चाललंय? तीनदा?’ ‘कुणीतरी हाक मारतंय, आणि त्या माणसाची ओळख पटवताना आपण पडतोय.’ ‘मग जाळी लाव परत. पाच मिनिटांचं काम.’ जाळी म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी, नगरपालिकेची माणसं बघायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी, लेनार्टच्या सांगण्यावरून गुनिलानेच ती बांधली होती. सगळ्याच्या वर एक झेल: खालून काहीही भिरकावलं जावो, ते पकडायचं, कुणाला काही न सांगता टाकून द्यायचं आणि पुढचं काम घ्यायचं. त्या दिवसापासून प्रोग्राम एकदाही पडला नव्हता. लेनार्टने केक आणला होता. आणि गुनिलाला अठरा वर्षं, केव्हाही, भांडी घासताना किंवा बसची वाट बघताना, अचानक वाटायचं की आत्ता या क्षणी काहीतरी टाकून दिलं जातंय आणि मला कळत नाहीय. गेल्या नोव्हेंबरात नवी आवृत्ती चढवताना तिने ती जाळी फाडून टाकली. पडायचं तर पडू दे, मला दिसू दे, असं ती बैठकीत म्हणाली होती, जरा ताठ मानेनेच.

‘जाळी लावणार नाही,’ ती आता म्हणाली. ‘अगं, प्रत्येक वेळी चाळीस सेकंद बाकीच्यांच्या हाका खोळंबतायत! त्याचा विचार केलास?’ ‘केला. चाळीस सेकंद उशिरा का होईना, त्यांच्या हाका पोचतायत. आत्ता कुणाचंही हृदय बंद पडलं तर ते चाळीस सेकंद माझ्या डोक्यावर, हेही मला कळतंय. पण जाळी लावली की हे एक माणूस कायमचं गप्प होईल, लेनार्ट. आपण पडतोय म्हणून तरी मला कळतंय की ते अजून दाबतंय.’ पलीकडे कुणी पोर किंचाळलं, बर्फावरून काहीतरी घसरत गेलं. ‘तू नोव्हेंबरात हट्ट केला नसतास तर...’ ‘तर हे मेलं असतं आणि तू केक आणला असतास,’ गुनिला म्हणाली, आणि आपण हे बोलून गेलो याचं तिलाच नवल वाटलं. तिला फक्त एक ओळ हवी होती: ओळख पटवायला जाण्याआधी बटणाचा नंबर लिहून ठेव. चालू प्रोग्रामात एक ओळ घालायची तरी दुसऱ्या माणसाची संमती लागायची, हा नियमही तिचाच. ‘नंबर लिहिणं नियमात बसत नाही,’ लेनार्ट म्हणाला. ‘नाही बसत. खापर माझ्या डोक्यावर फोड, पण आत्ता हो म्हण.’ त्याला राग आला होता, आणि तो घाबरलाही होता. नऊ चाळीसला घंटा पुन्हा वाजली, तिच्याकडे आणि त्याच्याकडे एकदमच. ‘बरं,’ तो म्हणाला. ‘घाल.’

ओळ तयार करून, तपासून, चढेपर्यंत अकरा मिनिटं जायची. पडद्यावरची पांढरी पट्टी भरत जाताना बघण्याखेरीज हाताला काम नव्हतं, आणि हात रिकामे झाले की गुनिलाचं मन जायचं तिथेच गेलं. आई असाच फोन करायची, सकाळी, कामाच्या वेळी. दोन-तीनदा वाजून बंद व्हायचा. दुपारी सवडीने गुनिलाने उलट फोन केला की आई म्हणायची, ‘काही नाही गं, असंच. तुझं चालू दे.’ त्या घरात सगळ्यालाच ‘काही नाही’ म्हणायची रीत होती. वडील कागदाच्या कारखान्यातून हात कापून आले तरी काही नाही. भाऊ घर सोडून गेला, त्या संध्याकाळी बटाटे वाढले गेले, लोण्याचं भांडं फिरलं, कुणी त्याच्या खुर्चीकडे बघितलं नाही, आणि अकरा वर्षांच्या गुनिलाने विचारलं तेव्हा वडील म्हणाले, ‘जेव.’ बस्स. शेवटच्या शरदात आईचे असे फोन वाढले होते. कर्करोगाची गाठ आईला तेव्हाच कळली होती, हे मागाहून डॉक्टरकडून समजलं. तीन महिने ती रोज नंबर फिरवत होती आणि गुनिलाने उचलला की काही नाही म्हणत होती, आणि गुनिलाला ते ऐकून हायसं वाटायचं, कारण समोर स्क्रीनवर काहीतरी अर्धवट राहिलेलं असायचं. कामावर खापर फोडणं सोपं होतं. खरं म्हणजे तिला विचारायची भीती वाटायची. काही नाही म्हणजे काय, असं एकदा दरडावून विचारलं असतं तर? एवढंच विचारायचं होतं.

नऊ एक्कावन्नला ओळ चढली. आता ये, गुनिला स्क्रीनला म्हणाली. दाब. एकदा दाब, की मी तुला धरलंच. पंचावन्न झाले. दहा वाजले. मेर्याकडे दोन हाका आल्या, दोन्ही नीट, नावांसकट. प्रोग्राम पडला नाही. दहा चार. सगळे दिवे हिरवे. लेनार्टचा संदेश आला: ‘बघ, आपोआप थांबलं. बर्फामुळेच असणार. जरा विश्रांती घे.’ पुढे एक हसरा चेहरा. गुनिलाला आयुष्यात हिरव्या दिव्यांची इतकी भीती कधी वाटली नव्हती. चार वेळा दाबणारं माणूस पाचव्यांदा दाबत नाही याचा अर्थ काय घ्यायचा? उठलं असेल आणि कॉफी पीत बसलं असेल, असा घ्यायचा? तिला तो अर्थ फार हवासा वाटला. तो घेऊन तिला घरी जाता आलं असतं, आणि तिला कुणी नावंही ठेवली नसती. मेर्याचा फोन आला. ‘गाडी उभीय. पोरं विचारतायत, कुठे जायचं?’ ‘थांबव त्यांना.’ ‘गुनिला, सापडणार आहे का?’ ‘सापडणार आहे,’ ती म्हणाली, आणि तिने ओळख पटवण्याचा तो तुकडा कागदावर छापून काढला, जसा ती नोकरीच्या सुरुवातीला काढायची, आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीखाली रेघ मारत वाचायला लागली. मान्य करायला जड जात होतं, पण हा तुकडा नोव्हेंबरात तिनेच लिहिला होता. जाळी फाडली त्याच आठवड्यात. बटणावरून माणूस. ठीक. माणसाचा जन्मनंबर, पूर्वी नगरपालिकेतल्या बाया हाताने भरायच्या, आता थेट सरकारी नोंदणीतून. ठीक. रुग्णवाहिकेला वय दिसावं म्हणून जन्मनंबराचे दोन तुकडे करायचे, आडव्या रेघेवर. ठीक. पेन्सिल पुढच्या ओळीवर गेली आणि परत आली. आडव्या रेघेवर. आणि रेघ नसेल तर?

छे, रेघ नाही असं कसं होईल? या देशात जन्मलेल्या प्रत्येकाला तारखेचे सहा आकडे, आडवी रेघ आणि पुढचे चार आकडे मिळतात. शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात माणूस आपल्या नावाआधी ते सांगतो. तिने स्वतःचा नंबर कागदाच्या कोपऱ्यात लिहिला. वर्षाचे दोनच आकडे. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जन्मलेली ती आणि एकशे अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जन्मलेला कुणी, यांत फरक कसा करायचा? शंभरी आली की रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. हे तिला ठाऊक होतं. अगं, शेंबड्या पोराला ठाऊक असतं! पण तिने बनवलेल्या दोनशे माणसांत एकही नव्वदीच्या पुढे गेलं नव्हतं, लाकडी पायाचे आजोबासुद्धा ऐंशीलाच थांबले होते. नगरपालिकेतल्या बायाही डोळे मिटून रेघच भरत आल्या असणार. आणि शंभर वर्षांचं माणूस बटण बांधून एकटं स्वयंपाक करतंय, असं नोव्हेंबरात तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने फोन फिरवला. ‘मेर्या, शंभरीच्या पुढचं कोण आहे आपल्याकडे?’ कळा खटखटल्या. ‘कुणीच नाही.’ ‘नीट बघ.’ ‘बघितलं, बाई. शंभरी गाठली की सगळे वृद्धाश्रमात जातात. सगळ्यात मोठी नव्याण्णवची आहे.’ गुनिलाने डोळे मिटले. आत जे उजळलं होतं ते मावळलं. मग कालपरवा का नाही पडला, हा प्रश्न तिच्याकडे उरला होता. तोच तिने घट्ट धरला. एकतीस डिसेंबरला ठीक होता. आज पडला. मधे काय झालं? मधे वर्ष बदललं, दुसरं काय होणार! अधिकचं चिन्ह वाढदिवसाची वाट बघत नाही. ते शंभरी भरायच्या वर्षाच्या पहिल्याच तारखेला येतं. ‘मेर्या, ती नव्याण्णवची. जन्म पंचवीस सालचा?’ ‘मार्च पंचवीस. एल्सी ब्रूमान. बंदरावरची पिवळी इमारत, तिसरा मजला.’ ‘तीच. गाडी सोड. तिच्या घरातला डबा तुझ्या बाजूने उघड आणि मला जोडून घे. लवकर!’

फोनमध्ये आधी नुसती खरखर होती, मग एका रिकाम्या खोलीचा आवाज. कुठेतरी रेडिओ मंद चालू होता. ‘एल्सीबाई,’ मेर्या म्हणाली, ‘केंद्रातून बोलतेय. ऐकू येतंय का?’ रेडिओवरचा माणूस हवामान सांगत राहिला. मेर्याने पुन्हा विचारलं. गुनिलाने पेन्सिल दोन्ही हातांत इतकी आवळली होती की ती मोडली, आणि तिला ते मोडल्यावर कळलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर लांबून, जमिनीजवळून, एक कोरडा आवाज आला. ‘ओरडू नका. बहिरी नाहीय मी.’ ‘देवा,’ मेर्या म्हणाली. ‘कुठे आहात? काय झालंय?’ ‘न्हाणीच्या दारात. पाय गेला. मोडलाय बहुतेक, माझ्याकडे बघतच नाहीय तो.’ ‘गाडी निघालीय. सहा मिनिटं. बटण का नाही दाबलंत परत?’ ‘चार वेळा दाबलं,’ एल्सी म्हणाली. ‘एरवी लगेच बोलता तुम्ही. आज कुणी बोललंच नाही. म्हटलं, सुट्ट्या आहेत, माणसं कमी असतील, त्यांनाही घरदार आहे. पाचव्यांदा दाबायला लाज वाटली.’ गुनिलाला बोलायचा अधिकार नव्हता, या जोडणीवर तिने नुसतं ऐकायचं असतं. सांगू नको, असं कुणीतरी आतून जुन्या सवयीने म्हणत होतं, बाई सापडली, झालं, आता कशाला. ‘एल्सीबाई,’ ती म्हणाली, ‘मी गुनिला. हाका पोचवणारा प्रोग्राम मी लिहिते. तुमची हाक आली होती. चारही वेळा आली होती. तुमच्या जन्मनंबरात या वर्षी अधिकचं चिन्ह आलंय, ते मी धरलंच नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वेळी कोसळला. चूक माझी आहे. बर्फाची नाही आणि सुट्टीचीही नाही.’

पलीकडे रेडिओ तेवढा चालू होता. मग एल्सीचा श्वास ऐकू आला, तुटक, आणि गुनिलाला कळलं की ती रडतेय, आणि बहुतेक दुखतंय म्हणून नव्हे. ‘म्हणजे आली होती,’ एल्सी म्हणाली. ‘आली होती,’ गुनिला म्हणाली. ‘सबंध तास मी हेच म्हणत पडलेय, ऐकू तर जात असणार, पण म्हणत असतील, म्हातारीचं काय रोजचंच.’ ‘कुणी म्हणालं नाही असं. मी नऊ बारापासून तुम्हालाच शोधतेय.’ ‘हं,’ एल्सी म्हणाली, आणि नाक ओढलं. ‘आणि ही चूक दुरुस्त करायला किती दिवस लागतात?’ लेनार्टचा फोन दुसऱ्या ओळीवर वाजत होता, तो गुनिलाने वाजू दिला. कीबोर्ड पुढे ओढून तिने ती ओळ स्क्रीनवर उघडली. ‘आत्ता करते,’ ती म्हणाली. ‘माणसं दाराशी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलत राहा.’

‘कर,’ एल्सी म्हणाली. ‘मी कुठे जाणारेय?’